देणारे हात ग्रामसभेत का दिसत नाहीत?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात वर्षातून निदान दोन वेळा ग्रामसभा भरते. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटून झाली, की ग्रामपंचायतीचा शिपाई येतो आणि म्हणतो, "सर, वीस-पंचवीस खुर्च्या द्या." मी खुर्च्या काढून द्यायचो, पाचवीच्या वर्गाची किल्ली त्याच्या हातात ठेवायचो आणि घरी जायचो. असं मी दहा-बारा वर्षं केलं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, माझं बी.एड. झालेलं आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला ग्रामसभेवर बोलायचो आणि तिचे अधिकार फळ्यावर लिहून द्यायचो. पण ग्रामसभेच्या दिवशी मात्र खुर्च्या देऊन घरचा रस्ता धरायचो. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही. ते दाखवून दिलं आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालानं, तेही तिला स्वतःला माहीत नसताना.

खालाचे शौहर टेम्पो चालवायचे, अपघातात गेले. तीन लेकरं. लोकांच्या गोधड्या शिवणं, हंगामात कापूस वेचायला जाणं, लग्नकार्यात रोट्या लाटणं, यावर घर चालायचं. रमजानमध्ये आम्ही काही जण मिळून जकातीच्या पैशातून किट वाटतो. आटा, तेल, साखर, डाळ, शेवया, खजूर. त्या वाटपाची वही माझ्याकडे असते. सलग नऊ वर्षं त्या वहीतलं पहिलं नाव खालाचं होतं. कुणी विचारलं असतं तर मी छाती पुढे काढून सांगितलं असतं, की आमच्या मोहल्ल्यात बेवा बाईला कुणी उपाशी ठेवत नाही.

मग एका पावसाळ्यात तिची आठवीतली मुलगी भिजलेलं दप्तर घेऊन वर्गात आली. रात्री पत्रा उडाला होता. मी सहज विचारलं, "घरकुलाला अर्ज नाही केला का?" दुसऱ्या दिवशी ती अम्मीला घेऊन आली. खालाचं म्हणणं एवढंच, की नाव आहे म्हणून कुणीतरी सांगितलं होतं, पुढे काही झालं नाही.

मी ग्रामपंचायतीत गेलो. नाव खरोखर होतं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणाच्या यादीत होतं आणि नंतर वगळलेलं होतं. कारण लिहिलं होतं, पक्कं घर. पक्कं घर तिच्या दिराचं, भिंतीला भिंत लागून. यादी ग्रामसभेपुढे वाचली गेली, कुणीतरी म्हणालं की त्यांचं घर तर सिमेंटचं आहे, ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. ग्रामसेवक बाहेरगावचे, त्यांना कोण दीर आणि कोण भावजय हे कुठून ठाऊक असणार? कुणाच्या मनात पाप होतं असं मी आजही म्हणत नाही. मी इतिवृत्ताची वही मागितली. तारीख पाहिली. सभा आमच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली होती, मी खुर्च्या दिलेल्या दिवशी. हजेरीच्या सह्या पाहिल्या. आमच्या मोहल्ल्यात सव्वाशेच्या वर घरं आहेत, त्यातली एकही सही नव्हती.

"ते घर तिच्या दिराचं आहे" एवढं वाक्य बोलायला एक माणूस पुरे होता.

त्या संध्याकाळी मी घरी हिशेब केला. आमचं एक किट हजार-बाराशे रुपयांचं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये, शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी आणि शौचालयाचं अनुदान वेगळं. नऊ वर्षांची किटं एकत्र केली तरी घरकुलाच्या रकमेचा दहावा हिस्सा भरत नाही. नऊ वर्षं आम्ही तिला महिन्याचं राशन दिलं आणि एका सकाळी गैरहजर राहून तिचं घर घालवलं.

हे लिहिताना कुणाला वाटेल, की हा माणूस जकातीच्या विरोधात बोलतोय. तसं अजिबात नाही. जकात फर्ज आहे, आणि भुकेल्या घरात आज आटा पोहोचला पाहिजे, योजना मंजूर होईपर्यंत चूल थांबत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन यांच्यानंतर लगेच तिसरे येतात ते आमिलीन, म्हणजे जकात गोळा करण्याचं आणि तिची व्यवस्था पाहण्याचं काम करणारे. याचा अर्थ जकातीच्या कल्पनेतच यादी, वसुली, वाटप, हिशेब आणि या कामासाठी नेमलेली माणसं गृहीत आहेत. आम्ही मात्र ती या हाताने त्या हाताला देण्यापुरती उरवली. प्रत्येक घर आपापल्या ओळखीच्या गरिबाला देतं. ज्याची ओळख जास्त त्याच्याकडे तीन किटं जातात, जो लाजतो त्याच्याकडे एकही जात नाही. मोहल्ल्यात नेमकं कोण, कशामुळे, किती अडचणीत आहे याची कागदावर यादी नाही. माहिती ढोबळ असली की मदतही ढोबळच होते.

आणि गरिबी ही काही फक्त आट्याची नसते. छप्पर, पाणी, गटार, संडास, दवाखाना, मुलीची शाळा, रेशनकार्डावरचं नाव, जातीचा दाखला, निराधार योजनेचं मानधन या सगळ्यांची ती मिळून झालेली असते. यातली एकही गोष्ट मोहल्ल्याच्या वर्गणीतून कायमची मिळणार नाही. ती पंचायतीतून, नगरपालिकेतून, तहसीलमधून मिळते. तिथे आम्ही निवडणुकीपुरते जातो. पाच वर्षांतून एकदा कुणाला पाडायचं आणि कुणाला आणायचं यावर चहाच्या टपरीवर महिनाभर बोलतो, आणि निकालानंतर पुढची पाच वर्षं "आपलं कोण ऐकतं?" असं म्हणत बसतो.

आपलं कोण ऐकतं, हा प्रश्न खोटा नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आणि महाराष्ट्रापुरता २०१३ मध्ये आलेल्या महमूद-उर-रहमान समितीच्या अहवालाने मुस्लिम समाजाचं मागासलेपण सरकारी कागदावर मांडलं. भेदभाव आहे. पण अहवाल दिल्ली-मुंबईत मांडला जातो आणि यादीतून नाव गावच्या व्हरांड्यात कटतं. आम्ही अहवालांवर भाषणं ऐकली, त्यात मीही होतो. व्हरांड्यात बसायला मात्र कुणी गेलं नाही.

या बाबतीत मला केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्याकडे बघावंसं वाटतं. २०११ च्या जनगणनेनुसार तिथली सुमारे ७० टक्के लोकसंख्या मुस्लिम आहे. १९६९ मध्ये हा जिल्हा तयार झाला तेव्हा तो केरळातल्या मागास भागांपैकी एक गणला जायचा. आज तिथली साक्षरता ९३ टक्क्यांच्या वर आहे. आखाती देशांतून आलेल्या पैशाचा यात मोठा वाटा आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आखाताचा पैसा ज्याच्या घरातला माणूस तिकडे गेला त्याच्या घरात आला. ज्या बेवेच्या घरातून कुणी जाऊच शकत नव्हतं तिचं काय, हा प्रश्न तिथेही होता. त्याचं उत्तर तिथल्या बायकांनी आणि पंचायतींनी मिळून शोधलं.

१८ एप्रिल १९९१ रोजी कोळिकोडला केरळ पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. ती कुणी मंत्र्याने केली नाही. मलप्पुरम जिल्ह्यातल्या, उतारवयात अक्षरं शिकलेल्या चेलक्कोडन आयशा या मुस्लिम बाईंनी केली. मी ही गोष्ट दर वर्षी माझ्या वर्गात सांगतो. पण त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १९९३ च्या सुमारास अलप्पुळा शहरात आणि १९९४ पासून मलप्पुरममध्ये युनिसेफच्या साथीने बायकांचे शेजारगट उभे राहिले. गरीब कोण हे ठरवायला त्यांनी उत्पन्न विचारलंच नाही. उत्पन्न कोण खरं सांगतं? त्यांनी नऊ गोष्टी पाहिल्या. घर नाही किंवा कच्चं आहे. जवळपास पिण्याचं चांगलं पाणी नाही. संडास नाही. घरात एक तरी मोठं माणूस निरक्षर आहे. कमावणारा एकच आहे किंवा एकही नाही. दिवसातून दोनच वेळा किंवा त्याहूनही कमी जेवण आहे. पाच वर्षांखालचं मूल आहे. घरात दारूचं किंवा नशेचं व्यसन आहे. कुटुंब अनुसूचित जातीचं किंवा जमातीचं आहे. नवापैकी चार गोष्टी लागू झाल्या की ते घर जोखमीत आहे असं धरायचं.

या नऊ प्रश्नांत एकही प्रश्न असा नाही की ज्याचं उत्तर शेजारणीला माहीत नसतं. तहसीलच्या साहेबांना ज्याला महिना लागतो ते शेजारीण पाच मिनिटांत सांगते. आणि दीर-भावजयीच्या भिंतीत तिची गफलत होत नाही.

त्याच अनुभवावर पुढे कुडुंबश्री उभी राहिली. १७ मे १९९८ रोजी तिचं उद्घाटन मलप्पुरममध्येच झालं. गंमत बघा. राज्यात सरकार डाव्यांचं, उद्घाटनाला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी आणि जिल्ह्यात राजकीय वजन मुस्लिम लीगचं. तीन पक्षांची तोंडं तीन दिशांना असताना काम सुरू झालं आणि चाललं, कारण त्याचा पाया पक्षात नव्हता, गल्लीत होता. एका घरातली एक बाई, अशा दहा ते वीस बायकांचा शेजारगट. अशा गटांचा मिळून प्रभागाचा संघ, आणि प्रभागांचा मिळून पंचायतीच्या पातळीवरचा संघ. आज सुमारे ४५ लाख बायका त्यात आहेत.

आपल्याकडे बचत गट नाहीत का? आहेत की. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, उमेद अभियान आहे. आमच्याच मोहल्ल्यात चार गट आहेत. महिन्याला शंभर रुपये भरायचे, बँकेचं कर्ज घ्यायचं, शिलाई मशीन किंवा शेळी घ्यायची आणि हप्ते फेडायचे, इथे आमचा गट थांबतो. केरळात फरक पुढच्या पायरीचा आहे. तिथे १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्य सरकारने आपल्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के हिस्सा ग्रामपंचायती, नगरपालिका आणि इतर स्थानिक संस्थांकडे सोपवायचं ठरवलं. पंचायतीकडे पैसा आला. मग शेजारगटाने आपल्या गल्लीच्या गरजांचा कागद करायचा, प्रभागाने ते कागद एकत्र करायचे आणि पंचायतीच्या आराखड्यात ते धरायचे, अशी वाट पडली. म्हणजे गटातल्या बाईच्या हातात पासबुक आलं आणि त्यासोबत पंचायतीच्या आराखड्यात बोलायची जागाही आली. गट आणि पंचायत एकमेकांना जोडलेले नसतील तर गट कर्जाचं दुकान होतो आणि पंचायत ठेकेदाराचं.

अलीकडचंच बघा. २०२१ मध्ये केरळ सरकारने अतिदरिद्री कुटुंबं शोधायला घेतली. प्रभागाप्रभागातून पडताळणी होऊन ६४,००६ कुटुंबं निघाली. प्रत्येक कुटुंबासाठी वेगळा आराखडा केला गेला. त्यातल्या अनेकांची पहिली गरज पैसा नव्हती. त्यांच्याकडे रेशनकार्ड नव्हतं, आधार नव्हतं, सरकारी कागदावर ती माणसंच नव्हती. आधी कागद दिले, मग औषध, मग घर. १ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या आकड्यांवर आणि निकषांवर काही अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत, त्या घ्यायलाच हव्यात. पण एका गरीब घराचा एक कागद, आणि तो कागद पंचायतीची जबाबदारी, ही पद्धत शिकण्यासारखी आहे.

आता कुणी म्हणेल, सर, हे केरळात चालतं, आपल्याकडे ग्रामसभा म्हणजे नाटक असतं. गणपूर्ती होत नाही, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, ठराव आधीच लिहिलेले असतात. खरं आहे. मी स्वतः पाहिलंय. शिवाय जगभरात झालेले अभ्यासही लोकसहभागाचं आंधळं कौतुक करत नाहीत. गझाला मन्सुरी आणि विजयेंद्र राव या दोन अभ्यासकांनी २०१३ मध्ये जागतिक बँकेसाठी सुमारे पाचशे अभ्यास तपासून पुस्तक लिहिलं. त्यांचा एक निष्कर्ष असा, की गावच्या सभेला जे येतात ते तुलनेने खाऊनपिऊन सुखी, शिकलेले, ओळखीपाळखीचे आणि बहुतेक पुरुष असतात. सभा गरिबांच्या नावाने भरते आणि फायदा दुसराच घेऊन जातो. वरून सरकारचं लक्ष आणि कायद्याचा धाक असेल तिथेच खालचा सहभाग फळ देतो.

इंडोनेशियाचं उदाहरण तर फार बोलकं आहे. जगात सर्वांत जास्त मुस्लिम त्या देशात राहतात. तिथे १९९८ पासून गावांना थेट निधी देऊन गावकऱ्यांनीच काम ठरवण्याची मोठी योजना चालली. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या सहाशेहून अधिक गावांतल्या रस्त्यांचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी रस्ते खोदून खडी मोजली आणि कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिली. काही गावांत लोकांना हिशेबाच्या सभेची आमंत्रणं वाटली होती, काही गावांत सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असं आधीच सांगून ठेवलं होतं. लेखापरीक्षणाच्या गावांत गायब होणारा खर्च सुमारे ८ टक्के बिंदूंनी घटला. नुसत्या आमंत्रणांनी सरासरीत फारसा फरक पडला नाही.

याचा अर्थ सभेला जाऊ नका असा मी घेत नाही. मी असा घेतो, की सभेत नुसतं बसून उपयोग नाही, कागद घेऊन बसलं पाहिजे. आणि कागद मागायचा कायदा आपल्याकडे आहे. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. आमच्यासारख्या मोहल्ल्यातून पंचवीस माणसं गेली तर गणपूर्तीचा पाव हिस्सा आम्हीच होतो. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. घरकुलाच्या योजनेत शक्य तिथे १५ टक्के वाटा अल्पसंख्याकांसाठी ठेवण्याची तरतूद आहे. रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण कायद्यात लिहिलेलं आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. "आमचा गाव आमचा विकास" या नावाने दर वर्षी गावाचा आराखडा होतो. यातलं आपल्याला काय माहीत असतं? मी नागरिकशास्त्र शिकवतो, मलाही निम्मं माहीत नव्हतं.

राहिला प्रश्न गावात संख्येने कमी असण्याचा. आमच्या गावात आम्ही पाचातले एक आहोत. हात वर करून मत घेतलं तर आम्ही हरू, ही भीती मोहल्ल्यात नेहमी बोलली जाते. माझा अनुभव सांगतो. ग्रामसभेत घरकुलाचं नाव, नळाची तोटी, गटाराचा उतार यावर हिंदू-मुस्लिम मतदान होत नाही. तिथे वस्तुस्थिती सांगणाऱ्याचं चालतं. मी खालाचा विषय काढला तेव्हा पहिल्यांदा दुजोरा दिला तो शेजारच्या गल्लीतल्या एका माळी समाजाच्या काकांनी. "ते घर दिराचंच आहे, मी पाया भरायला होतो" म्हणाले. सगळे दिवस असे नसतात, हेही मान्य. वातावरण तापलेलं असताना सभेत जीव घाबरतो. तेव्हा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच जात विचारत नाही.

शहरातल्या वाचकांचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रातले सत्तर टक्क्यांहून जास्त मुस्लिम शहरांत राहतात, आणि शहरात ग्रामसभाच नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना बळ दिलं, क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात आली, पण ती भरलेली पाहणारे लोक विरळाच. शहरातल्या मोहल्ल्यांसाठी मला अख्तर हमीद खान आठवतात. १९१४ साली आग्र्यात जन्मलेला, आयसीएसची नोकरी सोडून दिलेला हा माणूस फाळणीनंतर पाकिस्तानात गेला आणि १९८० मध्ये त्यांनी कराचीच्या ओरंगी वस्तीत काम सुरू केलं. वस्ती प्रचंड, गटार नाही. लोक म्हणायचे सरकारने करावं, सरकार म्हणायचं वस्ती बेकायदा आहे. त्यांनी कामाची वाटणी केली. घरातला संडास आणि गल्लीतली नळी लोकांनी स्वतःच्या पैशाने टाकायची, मुख्य गटार आणि शुद्धीकरण सरकारने करायचं. वीस-तीस घरांची एक गल्ली म्हणजे एक संघटना, तिचा एक कारभारी, सगळ्यांसमोर हिशेब. गल्ल्यांनी आपापलं काम पुरं केलं तेव्हा सरकारला आपल्या वाट्याचं काम टाळणं अवघड झालं. देश कुठला का असेना, मोहल्ला काय करू शकतो आणि काय करू शकत नाही याची इतकी स्वच्छ रेघ मी दुसरीकडे पाहिली नाही. जकात आणि पालिका यांच्यातही मला तीच रेघ हवी आहे.

आणि आता थोडं आपल्याबद्दल. सरपंचाला हिशेब विचारायचा असेल तर आधी आपली वही उघडी करावी लागेल. किती मशिदींच्या बाहेर जमाखर्चाचा कागद लावलेला असतो? आपल्या कमिट्यांवर तीच चार घरं पिढ्यान् पिढ्या का असतात? गरीब बिरादरीचा माणूस कमिटीत किती दिसतो? आणि बायका? गरिबीबद्दल आम्ही बोलतो तेव्हा बेवा, तलाकशुदा, निराधार हे शब्द सारखे येतात, पण त्या बायकांना विचारायला त्या बैठकीत एकही बाई नसते. राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आमच्या प्रभागातूनही एक भाभी निवडून आल्या होत्या. पाच वर्षं सभेला त्यांचे शौहर बसले. त्यांना दोष देणं सोपं आहे. आम्ही एकदाही म्हणालो नाही, की भाभी, तुम्ही या.

खालाच्या प्रकरणानंतर आम्ही जे केलं ते फार मोठं नाही. बचत गटातल्या सात-आठ बायकांना घेऊन मलप्पुरमसारखी प्रश्नांची यादी केली, आपल्या गरजेप्रमाणे दोन-तीन प्रश्न बदलले आणि मोहल्ल्यातल्या घरांची नोंद केली. तीन आठवडे लागले. जी घरं किटाच्या वहीत वरच्या नंबरावर होती त्यातली काही यादीत खाली गेली. आणि दोन घरं अशी निघाली, जी वहीत कधीच नव्हती. एका घरात अंथरुणाला खिळलेले चाचा, दिव्यांग प्रमाणपत्र नाही म्हणून मानधन नाही, आणि लाजेपोटी कुणाला सांगितलेलं नाही. जकातीतून त्यांना जिल्हा रुग्णालयात न्यायला गाडी करून दिली. गाडीभाडं सातशे रुपये. प्रमाणपत्र मिळालं, मानधन सुरू झालं. सातशे रुपयांच्या जकातीने दर महिन्याचा हक्क मिळवून दिला. आमिलीन म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

मोहल्ल्यातल्या अकरा बायका पहिल्यांदा महिला सभेला गेल्या तेव्हा काही बुजुर्गांनी नाराजी दाखवली. इमामसाहेबांनी त्यांना एवढंच विचारलं, "राशनच्या रांगेत त्या उभ्या राहतात तेव्हा तुम्हाला चालतं ना?" पुढे कुणी बोललं नाही.

खालाचं नाव २०१८ च्या नव्या सर्वेक्षणात लागलं आणि पुढे तीन वर्षांनी घर मंजूर झालं. दोन खोल्या, वर स्लॅब. दुआसाठी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. पण ज्या मुलीचं दप्तर भिजलं होतं तिने तोवर शाळा सोडली होती. नववीनंतर तीही अम्मीबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली. हुशार होती. तिची मराठीची वही मी दुसऱ्या मुलांना दाखवायचो. यादी वाचली गेली त्या दिवशी मी घरी न जाता तिथेच बसलो असतो तर ती दहावी झाली असती का, हे मला सांगता येणार नाही. पण हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती साधी आहे. पुढच्या रमजानची वाट बघू नका. आपल्या गल्लीतल्या वीस घरांची यादी शेजारणींकडून करून घ्या. पुढच्या ग्रामसभेची तारीख माहीत करून घ्या, शहरात असाल तर नगरसेवकाला लेखी पत्र देऊन पोच घ्या. गेल्या वर्षी आपल्या प्रभागावर किती खर्च झाला, तो कागद मागा. मशिदीचा जमाखर्च आधी भिंतीवर लावा. आणि माझ्यासारखे जे शिक्षक आहेत, ज्यांच्या शाळेच्या खुर्च्या ग्रामसभेला जातात, त्यांनी त्यातल्या एका खुर्चीवर स्वतः बसावं.